पहिल्या तारखेचं साहित्य

आमच्या ग्रुपमध्ये सात जण आहेत. सगळे न्हावऱ्याच्या आसपासचे, सगळे रांजणगावच्या एमआयडीसीत कुठे ना कुठे. सातपैकी पाच जणांच्या मोबाइलमध्ये 'रिच डॅड पुअर डॅड'ची मराठी पीडीएफ आहे. पैसे कसे वाचवायचे हे शिकवणारं पुस्तक आम्ही पैसे न देता वाचतो, ही गंमत कुणी बोलून दाखवत नाही. मी मात्र ते विकत घेतलं होतं, शिरूरच्या स्टँडबाहेरच्या गाडीवरून, बहिणीचं लग्न ठरलं त्या महिन्यात. वाचून झालं आणि मोठ्या उत्साहानं आण्णांच्या हातात दिलं. त्यांनी दुपारी गव्हाणीपाशी बसून वीस-पंचवीस पानं वाचली. मग चष्मा काढून म्हणाले, "चांगलं लिवलंय. पण ह्या दोन्ही बापांना ऊस नाही."

मी तेव्हा चिडलो होतो. वडील बदलायला तयार नाहीत, म्हणून आपण गरीब, हे मला त्याच पुस्तकानं नुकतंच शिकवलं होतं. पण हा लेख त्या एका वाक्याबद्दलच आहे. पैशाच्या नियोजनावरची जी पुस्तकं आज मराठीत धडाधड येतात, ज्यांच्या रील्स आपण जेवताना बघतो, ती साहित्य म्हणून वाचली तर काय दिसतं? ती कुणाला उद्देशून लिहिली आहेत? आणि ज्याच्या घरी पहिल्या तारखेला काहीच जमा होत नाही, त्यानं ती कशी वाचायची?

या प्रकाराचं घराणं जुनं आहे. जॉर्ज क्लासनचं 'द रिचेस्ट मॅन इन बॅबिलॉन' १९२६चं. त्यातल्या गोष्टी आधी छोट्या पुस्तिका म्हणून निघाल्या आणि अमेरिकेतल्या बँका व विमा कंपन्यांनी त्या वाटल्या. म्हणजे हा साहित्यप्रकार जन्मालाच ठेवीदार शोधत आला. रॉबर्ट कियोसाकीचं 'रिच डॅड' १९९७चं. पन्नास-तीस-वीसचा जो नियम प्रत्येक रीलमध्ये असतो, तो एलिझाबेथ वॉरन आणि अमेलिया वॉरन त्यागी या मायलेकींनी २००५च्या पुस्तकातून लोकप्रिय केला: हातात येणाऱ्या पगाराचा निम्मा भाग गरजांना, तीस टक्के हौसेला, वीस टक्के बचतीला. मॉर्गन हाउसेलचं 'द सायकॉलॉजी ऑफ मनी' २०२०चं. चारही पुस्तकांचे लेखक वेगळे, काळ वेगळे. पण क्लासन सोडला तर बाकीच्यांच्या डोक्यातला वाचक एकच आहे. त्याला दर महिन्याला, ठरलेल्या दिवशी, ठरलेली रक्कम मिळते. तो ती उडवतो किंवा वाचवतो. गोष्ट तिथून सुरू होते.

आता ही गोष्ट न्हावऱ्यात आणून बघू. इथे आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावतात आणि तो तुटायला सोळा-अठरा महिने जातात. एकरी चाळीस टन धरा. २०२५-२६च्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये आहे. त्यातून तोडणी-वाहतूक कापली जाते, म्हणून हातात टनाला तीन हजार धरू. झाले एक लाख वीस हजार. बेणं, मशागत, खत, पाणी यांत निम्मे गेले असं धरलं तरी उरतात साठ हजार, आणि ते अठरा महिन्यांचे. महिन्याला एकरी ३,३३३ रुपये. यातला निम्मा गरजांना, तीस टक्के हौसेला... नियम पाळायला काही हरकत नाही, पण पाळायचा कधी? पहिले सतरा महिने शून्याचे पन्नास टक्के काढायचे. अठराव्या महिन्यात वर्षभराची उधारी दारात उभी असते.

आणि अठरावा महिनाही आपल्या हातात नसतो. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर पंधरा टक्के व्याजासकट. हे कलम गावातल्या पारावरच्या प्रत्येकाला पाठ आहे. चौदा दिवसांत पैसे कुणाला मिळाले, असं विचारलं की पारावर हशा होतो. न्हावऱ्याचा स्वतःचा घोडगंगा कारखाना बंद पडला आणि २०२४च्या विधानसभा निवडणुकीत शिरूरमध्ये त्यावरच प्रचाराचं रान उठलं, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. कारखाना बंद म्हणजे ऊस लांब जाणार, लांब जाणार म्हणजे तोडीला उशीर, उशीर म्हणजे वजनात घट. यातली एकही गोष्ट घरातल्या माणसाच्या आर्थिक शिस्तीनं ठरत नाही.

कियोसाकीची प्रसिद्ध व्याख्या आहे: जे तुमच्या खिशात पैसे घालतं ते ॲसेट, जे काढतं ती लायबिलिटी. पुस्तकातली हीच सगळ्यात दणकट कल्पना, आणि आमच्या ग्रुपवर तिचाच जप चालतो. पण ती आमच्या गोठ्यात टिकत नाही. गाय व्यायली की दोन वेळा डेअरीत दूध जातं, ती ॲसेट. आटली की तीच लायबिलिटी, पेंड तेवढीच खाते. मग आटल्यावर विकायची? मराठीत याला 'भाकड' असा शब्द आहे आणि त्या शब्दातच ती पुन्हा गाभण राहील याची वाट बघणं आहे. शब्द ऋतूचा आहे, आणि व्याख्या एका क्षणाच्या फोटोसारखी. विहिरीचं तसंच. दोन उन्हाळे कोरडी राहिलेली विहीर कुणी लायबिलिटी म्हणून बुजवत नाही.

तरी पुस्तकाला श्रेय द्यायचं तिथे देतो. बाइक कर्जावर घेऊन ती 'आपली' म्हणणं, ही जी आमच्या पिढीची सवय आहे, तिला हे पुस्तक बरोबर टोचतं. मलाही टोचलं. आणि हाउसेल तर या सगळ्यांत वेगळाच. त्याचं पहिलंच म्हणणं हे की पैशाच्या बाबतीत कुणी वेडं नसतं, ज्याने जो काळ पाहिला त्यातून तो निर्णय घेतो. नशिबाचा वाटा किती मोठा, हेही तो प्रामाणिकपणे मांडतो. आण्णांना मी तेच पुस्तक आधी द्यायला हवं होतं. सगळ्यात गंमत क्लासनची वाटते. जे येईल त्याचा दहावा हिस्सा आधी बाजूला काढ, एवढंच तो सांगतो. महिन्याचं बंधन नाही. शंभर वर्षांपूर्वी बॅबिलॉनच्या नावानं लिहिलेलं पुस्तक ऊसवाल्याला जास्त लागू पडतं, कारण त्यातली माणसं अजून पगारदार झालेली नाहीत.

(दहाव्या हिश्श्यावरून आठवलं. न्हावऱ्याहून काष्टीकडे जाताना घोड नदीच्या काठी इनामगाव लागतं. डेक्कन कॉलेजनं तिथे बरीच वर्षं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती निघाली आणि प्रमुखाच्या घराजवळ धान्याचं मोठं कोठार. आजच्या भाषेत इमर्जन्सी फंड. फक्त तो एकेकट्याचा नव्हता.)

'आमच्याकडे असं नसतं' एवढं म्हणून आणि गावाचं गोडवं गाऊन मी थांबणार नाही. कारण पैशाच्या सल्ल्याचा आमच्या भागाशी असलेला संबंध फार जुना आहे, आणि तो वाचण्यासारखा आहे.

शिरूरहून न्हावरे, तिथून चौफुला, पुढे सुपे. हा रस्ता मी शंभर वेळा गेलो असेन. शिरूरच्या बाजूला, न्हावऱ्यापासून फार लांब नाही, कर्डे हे गाव आहे. डिसेंबर १८७४मध्ये तिथे काळूराम नावाच्या सावकारानं एका देशमुखाच्या घरावर कोर्टाचा हुकूमनामा मिळवला आणि घर पाडायला घेतलं. गावानं सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यांच्या शेतात कुणी जाईना, दुकानात कुणी पाय ठेवीना, न्हावी-परटांनी काम बंद केलं. आसपासच्या गावांत हे लोण गेलं. मग रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, सुप्यात, १२ मे १८७५ रोजी बाजारात जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून जास्त गावांत हेच झालं. साडेनऊशेच्या आसपास लोक पकडले गेले. जमावाला सगळ्यात आधी हवे होते ते कागद. खतं, वह्या, रोखे. ते मिळाले की जाळायचे. आपल्या आयुष्यातली दोन मोठी टोकं, कर्ज आणि घर, ज्या कागदावर आहेत तो कागद आपल्याला वाचता येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

सरकारनं चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७८मध्ये ब्रिटिश संसदेपुढे गेला. हा अहवाल मी सरकारी दस्तऐवज म्हणून वाचला नाही. आमच्या भागाच्या घरखर्चावर लिहिलेलं बहुधा पहिलं मोठं पुस्तक म्हणून वाचला. आणि लेखक म्हणून या आयोगाचं वागणं फार ओळखीचं वाटलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापसाला भाव आला, सावकारांनी हात सैल सोडून कर्ज दिलं. १८६५मध्ये युद्ध संपलं, भाव पडले, कर्ज बंद झालं. त्याच सुमारास नव्या आकारणीनं शेतसारा पन्नास ते शंभर टक्के वाढला. आयोगानं निष्कर्ष काढला की सरकारी सारा हे कारण नाही, दोष सावकाराचा. जे पुस्तक छापतं त्याच्याकडे बोट जाणार नाही याची काळजी घेण्याची ही रीत पुढे बँकांनी वाटलेल्या पुस्तिकांतही दिसते.

पण त्याच अहवालात एक परिच्छेद आहे ज्याने माझी झोप उडवली. त्या काळचा शहाणा समज, जो आजही आहे, असा की शेतकरी लग्नकार्यात पैसा उधळतो म्हणून बुडतो. आयोग म्हणतो की या कारणाला उगाच फार महत्त्व दिलं गेलं आहे. लग्नाचा खर्च त्याच्या ऐपतीच्या मानानं जास्त असेल, पण तो प्रसंग क्वचित येतो. कुळाचं कर्ज फुगतं ते पुन्हा पुन्हा येणाऱ्या लहान रकमांनी: खाण्यापुरतं, बियाण्यासाठी, बैलासाठी, सारा भरायला. एकशे पन्नास वर्षांपूर्वी, साहेबी इंग्रजीत, सरकारची बाजू सावरणाऱ्या लोकांनी हे लिहून ठेवलं. आणि मी एका पुस्तकाच्या जोरावर आण्णांशी भांडत होतो की ताईचं लग्न हाच आपल्या घराचा खड्डा आहे.

भांडण जिंकायचं म्हणून मी पाच वर्षांचा हिशोब मांडला. पासबुकं, खतवाल्याची वही, दवाखान्याची बिलं, माझ्या फोनवरचे मेसेज. लग्नाचे झाले सहा लाख चाळीस हजार. आहेर आला एक लाख तीस हजार. निव्वळ खर्च पाच लाख दहा हजार. मग बाकीचं. आजीचा दवाखाना एक लाख पंच्याऐंशी हजार. मोटारीचं रिवाइंडिंग, केबल, स्टार्टर मिळून बासष्ट हजार. खतवाल्याच्या उधारीवरचं व्याज चोपन्न हजार. माझी बाइक एक लाख बारा हजार. दोन फोन, दोन्ही हप्त्यावर, अठ्ठेचाळीस हजार. आणि मार्च-एंडचे पंचेचाळीस हजार. बेरीज पाच लाख सहा हजार. लग्नापेक्षा चार हजार कमी. फरक एवढाच की लग्न वीस वर्षांतून एकदा येतं आणि हे दर पाच वर्षांनी पुन्हा येणार.

मार्च-एंडचे पंचेचाळीस हजार म्हणजे काय, ते शहरातल्या वाचकाला सांगावं लागेल. सोसायटीचं पीककर्ज तीन लाखांपर्यंत वेळेत फेडलं तर केंद्र आणि राज्याच्या व्याजसवलतीमुळे शून्य टक्क्यानं पडतं. फेडायचं ३१ मार्चच्या आत. तेव्हा हातात पैसा नसतो. मग गावातल्या कुणाकडून तरी आठ-दहा दिवसांसाठी तीन लाख उचलायचे, सोसायटीत भरायचे, नवं कर्ज मंजूर झालं की काढून त्याचे त्याला द्यायचे. याला 'नवं-जुनं करणं' म्हणतात. दहा दिवस असले तरी तो शेकडा तीन रुपयांनी महिना पूर्ण धरतो. नऊ हजार. म्हणजे शून्य टक्क्याचं कर्ज आम्हाला तीन टक्क्यांना पडतं, आणि तरीही बाजारातलं ते सगळ्यात स्वस्त कर्ज आहे. आण्णांचा निर्णय चूक नव्हता. कुठल्याही एमबीए झालेल्याने तोच घेतला असता.

नवं-जुनं हा शब्द नवा असेल, पण कृती कर्ड्याच्या काळातलीच. १८५९च्या मुदतीच्या कायद्यानं कर्जरोखा तीन वर्षांनी बाद ठरू लागला. हेतू चांगला होता, व्याज साचू नये. सावकारानं दर तीन वर्षांनी नवा रोखा करून घ्यायला सुरुवात केली, ज्यात जुनं व्याज मुद्दल बनून बसायचं. व्याज मुद्दलापेक्षा जास्त घेऊ नये, ही आपल्याकडची दामदुपटीची जुनी रीत त्यात वाहून गेली. आयोगापुढे शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांवर व्याज लावल्याचं प्रकरण आलं होतं. १८७९मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा आला त्यानं न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासायची मुभा दिली. कागदावरचा आकडा म्हणजे कर्ज नव्हे, कर्जाचा इतिहास म्हणजे कर्ज. वाचन म्हणून बघितलं तर हे मला फार मोठं पाऊल वाटतं. क्रेडिट कार्डाची किमान रक्कम भरत राहणारा माझा मित्र स्वतःच्या खात्याकडे तसं बघत नाही. तो फक्त शेवटचा आकडा बघतो.

इथे महात्मा फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' काढावाच लागतो. तो १८८३चा, म्हणजे दंग्यानंतर आठच वर्षांचा. आपण तो समाजक्रांतीचा ग्रंथ म्हणून शाळेत ऐकतो आणि बाजूला ठेवतो. पण पहिलं प्रकरण उघडून बघा. जन्माच्या आधीपासून मरणाच्या नंतरपर्यंत शेतकऱ्याच्या घरातला एकेक प्रसंग, एकेक सण, आणि त्या प्रत्येकाला घरातून किती आणि कुणाकडे जातं, याची ती झाडाझडती आहे. आजच्या भाषेत 'लाइफ इव्हेंट्स'. आणि हे पुस्तक छापण्याआधी त्यांनी जुन्नर, ओतूर, हडपसरसारख्या गावांत लोकांपुढे वाचून दाखवलं. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याच्याच तोंडावर वाचणं. आजच्या किती फायनान्स इन्फ्लुएन्सरनी आपला व्हिडिओ एखाद्या विकास सोसायटीच्या सभेत लावून दाखवला असेल?

वरवर बघता फुले आणि आयोग एकमेकांच्या विरुद्ध बोलतात. आयोग म्हणतो कार्याचा खर्च हे मोठं कारण नाही. फुले तर कार्याकार्याचा हिशोब मांडून बसलेत. मी यात बरेच दिवस अडकलो होतो. नंतर लक्षात आलं की फुले रकमेचा हिशोब करत नाहीत, दिशेचा करतात. पैसा कुठे जातो आणि तिथून परत येतो का? त्यांच्या यादीतला प्रत्येक खर्च एकेरी आहे, दक्षिणा कधी उलट येत नाही. आणि प्रस्तावनेतल्या त्या सगळ्यांना ठाऊक असलेल्या साखळीत वित्त जातं ते सगळ्यात शेवटी. त्याआधी चार गोष्टी गेलेल्या असतात, पहिली विद्या. कियोसाकी बरोबर उलटं वाचतो. त्याच्याकडे शिकलेला बाप गरीब आहे, आणि पैसा समजला की बाकीचं आपोआप. असूड मला पटतो, पण एका ठिकाणी थांबतो. फुल्यांना घरातले सगळे खर्च एका रांगेत दिसतात, त्यामुळे जो खर्च परत येतो त्याकडे त्यांचं लक्ष जात नाही.

तो म्हणजे आहेर. आमच्या घरात आहेराची एक वही आहे, आजोबांच्या लग्नातल्या भावकीपासून चालत आलेली, मध्ये दोनदा शिवलेली. मंडपात कडेला टेबल टाकून घरातला एक शहाणा माणूस ती घेऊन बसतो. नाव, गाव, रक्कम. जुन्या पानांवर पाच रुपये, अकरा रुपये, तांब्या, टॉवेल-टोपी. मी ती पहिल्यांदा नीट वाचली तेव्हा कळलं की हे कर्जखातं आहे, फक्त त्याला व्याज नाही, तारीख नाही आणि कोर्ट नाही. निमोण्याच्या एकानं १९९०च्या आसपास एकवीस रुपये घातले. त्याच्या पोरीच्या लग्नात आपण एकावन्न. मग ताईच्या लग्नात त्याचा मुलगा एक हजार एक. महागाईचा दर कुणी सांगितला नव्हता, पण पाळला गेला. ज्या घरात मोठा खर्च एकदम येऊन पडतो त्या घरावर सगळ्यांनी थोडं थोडं घालायचं. लग्न हा खर्च आहे हे खरं, पण त्याच दिवशी तो एक वसुलीही असतो.

ही वही निर्मळ नाही. तिच्यात बाईचं एकही नाव नाही. आईच्या माहेरचे आले ते मामांच्या नावावर. ज्याला भावकी नाही, किंवा ज्याला मंडपात पंगतीला बसवलं नाही, त्याला ही पतपेढी बंद. आणि परत करायची ऐपत नाही म्हणून लग्नालाच न जाणारी माणसं मी पाहिली आहेत. आईचं नाव पहिल्यांदा कुठल्या वहीत आलं असेल तर ते बचत गटाच्या, महिना दोनशेच्या. त्या वहीची ती जितकी काळजी घेते तितकी सात-बाराची कुणी घेत नाही.

पण आता पत्रिकांवर खाली बारीक अक्षरात छापतात: कृपया आहेर आणू नये. ऐकायला सभ्य वाटतं. त्याच पत्रिकेतल्या लग्नाला ड्रोन असतो, डीजे असतो, प्री-वेडिंग शूट असतं, लॉन असतं. म्हणजे एकेरी जाणारा खर्च वाढला आणि परत येणारी बाजू आपण शिष्टाचार म्हणून कापून टाकली. आयोगानं पाहिलेलं लग्न आणि आजचं लग्न एक नाही. आज कुणी पुन्हा अहवाल लिहिला तर तो परिच्छेद तसाच ठेवता येईल का, याची मला खात्री नाही. ताईच्या पत्रिकेवर मीच ती ओळ छापून घेणार होतो, पुस्तकाच्या प्रभावाखाली, 'आपण कुणाचं ओझं घ्यायचं नाही' म्हणून. आण्णा म्हणाले, "मग आपण वीस वर्षं घातलं ते काय गंगेत?" ओळ रद्द झाली. एक लाख तीस हजार त्यामुळे आले.

पैशाच्या निर्णयाबद्दल मराठीत खरं काही वाचायचं असेल तर मी कादंबरीकडे जाईन. सदानंद देशमुखांची 'बारोमास', २००४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली. त्यातला एकनाथ शिकलेला, बेकार. भावाला वाटतं शेत विकावं आणि पैसे भरून नोकरी मिळवावी. घरातल्या प्रत्येकाचं घड्याळ वेगळं चालतं. म्हाताऱ्यांचं पिढीचं, बापाचं हंगामाचं, पोरांचं भरतीच्या वयोमर्यादेचं, बायकोचं तिच्या डोळ्यांदेखत सरणाऱ्या वर्षांचं. कियोसाकीचा वाचक नोकरीच्या चाकातून सुटायला धडपडतो. 'बारोमास'मधली माणसं त्याच चाकात शिरायला जमीन द्यायला तयार आहेत. ही दोन पुस्तकं एकाच गाडीवर शेजारी शेजारी ठेवलेली मी पाहिलीत. सल्ल्याच्या पुस्तकात निर्णय घेणारा नेहमी एकटा असतो. त्याला भाऊ नसतो, आटलेली गाय नसते, आणि आजारी आजीचा तर उल्लेखही येत नाही. मोठे निर्णय चार माणसांच्या भांडणातून होतात आणि त्यात जो सगळ्यात कमी बोलतो त्याच्यावर बहुतेक वेळा त्याचा भार पडतो, हे कादंबरीला दिसतं.

मला एक पुस्तक हवं आहे, जे अजून कुणी लिहिलेलं नाही. ज्याचं पहिलं पान एक तारखेला उघडत नाही, लावणीला उघडतं. ज्यात मार्च-एंडवर पूर्ण प्रकरण असेल आणि नवं-जुनंसाठी गटानं मिळून एक ठेव कशी उभी करावी, याचा हिशोब असेल. दहा घरांनी वर्षाला तीन-तीन हजार टाकले तर दहा वर्षांत तीन लाख होतात. ते एकाच वेळी दहांना पुरणार नाहीत, पण मार्चच्या पहिल्या आठवड्यापासून फिरवले तर तिघा-चौघांचं काम होईल, आणि तेवढ्यांचे नऊ-नऊ हजार वाचतील. ज्यात टर्म इन्शुरन्सबद्दल असेल, कारण तिथे रीलवाले पूर्ण बरोबर आहेत आणि आमच्या गल्लीत तो तीनच घरांत आहे. ज्यात दवाखान्यासाठी वेगळा डबा असेल. आणि सोन्याला शिव्या न देता आईनं ते का घेतलं, हे आधी विचारलेलं असेल. आमच्या आईनं आजीच्या ऑपरेशनच्या वेळी पाटल्या काढून दिल्या तेव्हा कुठल्याही ॲपला तेवढ्या लवकर पैसे देता आले नसते.

बाइकचे हप्ते फिटलेत. फोन या वेळी रोखीनं घेतला, जुनाच, मित्राचा. आण्णांना एसआयपी समजावून सांगितली, तर ते म्हणाले, "दर महिन्याला कशाला? ऊस गेला की एकदम टाकू." मला वाटलं होतं यात चूक काढता येईल. नीट विचार केला तर निघाली नाही.

मागच्या रविवारी निमोण्यात लग्न होतं. आईनं सकाळी वही काढायला लावली. "त्यांनी ताईला काय घातलं बघ." मी पान शोधलं. एक हजार एक. आई म्हणाली, "पंधराशे एक घाल. आणि ह्या वेळी माझं नाव लिव म्हणावं."

टेबलावरच्या माणसानं मान वर न करता विचारलं, "कोणाच्या नावावर?"